एकतीस नंबरचा बिल्ला

ही हकीकत खरी आहे. कुणाकडून कानावर आलेली नव्हे, आणि रचलेली तर मुळीच नव्हे. ज्याच्या बाबतीत ती घडली तो माझा सख्खा मावसभाऊ, आणि तिचा शेवटचा भाग मी स्वतः ऐकला आहे. गावाचे आणि डोंगराचे नाव सांगू नये, एवढी एकच अट त्याने मला घातली. ती मी पाळतो.

वार शनिवार. थंडी नुकती पडू लागली होती. वेळ दुपारची, चार-साडेचारची. स्थळ, दोन शिखरांमधली एक उघडी खिंड.

अशा गोष्टी मध्यरात्री घडतात, असा आपला समज असतो.

ही दिवसाउजेडी घडली.

माझा हा भाऊ एका सार्वजनिक ग्रंथालयात पुस्तकबांधणीचे काम करतो. फाटकी पुस्तके उसवायची, पाने सरळ करायची, पुन्हा शिवायची, पुठ्ठा चढवायचा. तळघरातली लहानशी खोली, एक दाबयंत्र, डिंकाचा डबा आणि दोऱ्याची रिळे, एवढाच त्याचा संसार. लग्न केले नाही. आई होती तोवर घरात बोलणे होते. दोन वर्षांपूर्वी ती गेली, आणि घरातले बोलणेही तिच्याबरोबर गेले. शुक्रवारी संध्याकाळी ग्रंथालय बंद झाले की सोमवारी सकाळपर्यंत तोंडातून शब्द काढावा, असा प्रसंगच त्याच्यावर येत नसे.

"दादा, सोमवारी पहिला शब्द बोलताना माझा आवाज गंजल्यासारखा येतो," असे तो मला एकदा हसत म्हणाला होता.

मीही हसलो. त्यापलीकडे मी काही केले नाही, हे येथे कबूल केले पाहिजे.

पुढे तो गावातल्या गिरिभ्रमण मंडळाचा सभासद झाला. मंडळाचे साहित्य सामाईक असते. तंबू, दोर, स्टोव्ह, पाण्याचे डबे, सारे एका तळमजल्यावरच्या भांडारात ठेवलेले. लागेल तेव्हा न्यावे, वापरून झाले की वाळवून परत आणावे. पण मंडळाच्या सहलींत तंबू दोघा-दोघांचे, आणि जोड्या आधीच ठरलेल्या. कुणी त्याला नको म्हटले नाही. कुणी ये, असेही म्हटले नाही. प्रत्येक वेळी हा एकटा शिल्लक राही.

म्हणून त्याने एकट्यानेच जायचे ठरवले.

अडचण एकच होती. भांडाराचा पहिला नियम भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला होता. एकट्याला तंबू मिळणार नाही.

भांडार सांभाळणारे गृहस्थ टपाल खात्यातून निवृत्त झालेले. सगळे त्यांना भांडारीकाका म्हणत. त्या शनिवारी सकाळी माझा भाऊ त्यांच्या मेजासमोर उभा राहिला.

"दोघांचा तंबू हवा होता. उद्या संध्याकाळी आणून देतो."

"दुसरा कोण?"

"मित्र आहे."

भांडारीकाकांनी चष्म्यावरून पाहिले. "तुम्हाला मित्र?"

"का, असू नये?"

"असावा हो. दोन असावेत. पण दीड वर्षात एकदा तरी दाखवायचा. आम्ही काय नजर लावणार होतो?"

"तो बसथांब्यावर थांबलाय. गाडीची वेळ झालीय."

"नाव?"

येथे तो अडखळला. नाव सुचेना. त्याच्या खोलीतल्या डिंकाच्या डब्यावर कारखानदाराचे नाव छापलेले आहे. रोज डोळ्यांसमोर असलेले तेच नाव त्याच्या जिभेवर आले.

"वजनदार नाव आहे," भांडारीकाका म्हणाले. "पायही तसेच मजबूत असू देत."

मग ते भिंतीवरच्या फळ्याकडे वळले. फळ्यावर खुंट्यांच्या रांगा होत्या आणि प्रत्येक खुंटीवर दोरीत ओवलेला एक पितळी बिल्ला. बिल्ल्यावर क्रमांक. त्याच दोरीला एक शिट्टी. डोंगरावर जाणाऱ्या प्रत्येकाने आपला बिल्ला गळ्यात घालायचा, आणि परतल्यावर आपल्या हाताने तो आपल्या खुंटीवर अडकवायचा. दुसऱ्याचा बिल्ला कुणी लावायचा नाही. गेलेले सगळे बिल्ले फळ्यावर परत येईपर्यंत भांडारीकाका रोज संध्याकाळी दार उघडे ठेवून बसत. मंडळाची ही रीत फार जुनी.

त्यांनी दोन बिल्ले काढून दिले.

"एकतीस तुमचा. बत्तीस त्यांचा. शिट्टीचं ठाऊक आहे ना? एक लांब म्हणजे, कुठे आहेस. दोन आखूड म्हणजे, इथे आहे. धुक्यात माणूस दिसत नाही, शिट्टी ऐकू येते. सोबत्याची लांब शिट्टी ऐकली आणि उत्तर दिलं नाही, असं आपल्या मंडळात आजवर झालेलं नाही. आणि सोबत्याला वर ठेवून कुणी खाली उतरायचं नाही."

"ठाऊक आहे."

"तुम्हाला आहे. त्यांना सांगा."

भावाने बत्तीस नंबरचा बिल्ला खिशात टाकला आणि तो बाहेर पडला. बसथांब्यावर अर्थातच कुणी नव्हते.

बस पायथ्याशी पोचली तेव्हा दुपार होत आली होती. चढ चार तासांचा. ओझे दोघांत वाटून न्यायचे. पण आज सगळे त्याच्या एकट्याच्या पाठीवर. पहिल्या टेकाडावर त्याला धाप लागली. आणि गंमत म्हणून, केवळ गंमत म्हणून, तो मोठ्याने म्हणाला, "बसू या का जरा?"

कालपासून त्याच्या तोंडून निघालेले, खरी गरज नसलेले, ते पहिलेच वाक्य.

त्याला बरे वाटले.

मग तो बोलतच राहिला. पायवाट अरुंद आहे, सांभाळून ये. त्या दगडावर पाय देऊ नकोस, तो हलतो. पाणी हवे का? आपल्याच वेडेपणाला तो हसत होता. असे हसणेही त्याला आठवेनासे झाले होते.

तिसऱ्या तासाला धुके उतरले.

खिंडीत पोचेतो हाताच्या अंतरावरचे दिसेनासे झाले. वारा सुटला होता. तंबू लवकर उभारणे भाग होते, आणि तो तंबू दोघांनीच उभारावा असा. एकाने या टोकाची ताणाची दोरी धरायची, दुसऱ्याने त्या टोकाची. एकट्याने एक टोक पक्के करावे तर दुसरे वाऱ्यावर फडफडते.

त्याने दोनदा प्रयत्न केला. दोनदा कापड हातातून सुटले. बोटे बधिर झाली.

शेवटी वैतागून तो धुक्याकडे पाहत म्हणाला, "अरे, धर की तिकडून."

...दोरी ताणली गेली.

वारा असेल, असे त्याला वाटले.

पण वाऱ्याचा ओढा कमी-जास्त होतो. हा होत नव्हता. पलीकडून कुणीतरी पाय रोवून, दोरी घट्ट धरून उभे असावे, तसा तो ताण होता. शांत. धीराचा.

त्याने आपल्या बाजूच्या मेखा ठोकल्या. हातोडीचा आवाज घुमत होता. ठक. ठक. तो थांबला...

पलीकडून आणखी एक आला. ठक.

प्रतिध्वनी, असे त्याने मनाशी म्हटले. आणि तंबूला वळसा घालून तो पलीकडे गेला.

तिथे कुणी नव्हते.

मेखा मात्र ठोकलेल्या होत्या. तिन्ही. दोऱ्या बांधलेल्या होत्या.

माझ्या भावाचे सारे आयुष्य दोरा आणि गाठ यांत गेले आहे. गाठ पाहून ती कुणाच्या हाताची, हे तो सांगू शकतो. त्याच्या गाठीचा शेपटा नेहमी डावीकडे निघतो. या तिन्ही गाठींचे शेपटे उजवीकडे होते.

डावखुऱ्या माणसाने मारलेल्या गाठी.

त्या क्षणी त्याने पळावयास हवे होते, असे मी त्याला म्हणालो. त्यावर त्याने दिलेले उत्तर मी विसरलेलो नाही.

"दादा, मला भीती वाटली नाही, हेच तर सांगतोय. मला बरं वाटलं."

तो तंबूत शिरला. आतल्या खांबाला एक आकडा होता. त्यावर त्याने आपला बिल्ला अडकवला. मग खिशातला दुसरा काढला आणि तोही त्याच्याशेजारी अडकवला. स्टोव्ह पेटवून चहा केला. अंधार पडण्याआधीच डोळे मिटू लागले. झोपताना त्याच्या ध्यानात आले, आपण अगदी एका कडेला आडवे झालो आहोत. साऱ्या तंबूत दुसरे कुणी नसताना, अर्धी जागा मोकळी सोडून.

त्याने ती तशीच राहू दिली. आई गेल्यापासून इतकी गाढ झोप त्याला लागली नव्हती.

जाग आली तेव्हा उजाडले होते. बाहेर पांढरे धुके. तंबूच्या आतून दव ठिबकत होते. त्याचे पांघरूण ओले, बूट ओले, खाली अंथरलेले प्लॅस्टिक सगळे ओलेचिंब.

सगळे नव्हे...

मोकळ्या सोडलेल्या जागेवर माणसाच्या लांबीचा एक पट्टा कोरडा होता.

त्याने हात लावला. खरोखर कोरडा. जणू आत्ताच कुणी तिथून उठून गेले असावे.

मग आणखी एक गोष्ट दिसली. पाण्याचा डबा जागेवर नव्हता.

बाहेर पावले वाजत होती. घाई नसलेली. खाली झऱ्याकडे जाणारी. त्यांच्याबरोबर रिकाम्या डब्याची कडी हलकेच वाजत होती. हळूहळू आवाज लहान झाला. मग थांबला.

काल बरे वाटले होते, ते आता कुठल्या कुठे गेले. संध्याकाळी जे पलीकडे होते, ते आता उजेडात परत येणार होते. चहासाठी पाणी घेऊन. आणि त्याला चेहरा असणार होता.

माझा भाऊ धडपडत उठला. आकड्यावर एकच दोरी लटकत होती. ती त्याने न पाहताच गळ्यात अडकवली. बाहेर येऊन मेखा उपटल्या, तंबू जमेल तसा गुंडाळला, आणि सगळे पाठीवर टाकून तो उताराला लागला.

शंभर पावले गेला असेल...

वरून शिट्टी आली.

एक. लांब.

कुठे आहेस?

तो थांबला. शिट्टी त्याच्या गळ्यात होती. दोनदा फुंकायचे, इतकेच. त्याने फुंकले नाही.

पुन्हा एक. लांब.

तो चालू लागला. मग पळू लागला. मागून शिट्टी येत राहिली. कधी डावीकडून, कधी उजवीकडून, कुणी धुक्यात इकडेतिकडे शोधत हिंडावे तशी. ती चिडलेली नव्हती. "दादा, तीत काळजी होती," असे तो म्हणतो. तासभर ती येत राहिली. दर वेळी मध्ये थोडी शांतता. उत्तरापुरती.

पायथ्याशी पोचेपर्यंत ती बंद झाली होती.

संध्याकाळी तो भांडारात गेला. भांडारीकाका दार उघडे ठेवून बसलेले.

"तुम्ही आलात. ते कुठे?"

"तो... स्टँडवरूनच घरी गेला. दमला होता."

"घरी? बिल्ला न लावता? बरं, तुमचा तरी लावा."

भावाने गळ्यातली दोरी काढली आणि तो फळ्याकडे गेला. एकतीस नंबरच्या खुंटीवर अडकवणार, तोच मागून आवाज आला.

"थांबा. हा तुमचा नाही."

त्याने बिल्ला पाहिला.

त्यावर बत्तीस होते.

त्याचा स्वतःचा बिल्ला वर राहिला होता. सोबत्याचा त्याच्या गळ्यात आला होता. त्याने खिसे चाचपले. सॅक उलटी केली. एकतीस कुठेच नव्हता.

"अदलाबदल झाली दिसते," भांडारीकाका म्हणाले. "होतं कधी कधी. पण मी हा लावून घेणार नाही. तुमच्याकडे ठेवा, ज्याचा त्याला द्या, तुमचा त्यांच्याकडून घ्या, आणि दोघं मिळून या. तोवर मी आहे."

आणि ते दारापाशी खुर्ची घेऊन पुन्हा बसले.

सोमवार गेला. मंगळवार गेला. ग्रंथालयातून घरी जाताना माझ्या भावाला रोज ते उघडे दार दिसे. आत दिवा. खुर्चीत म्हातारा माणूस, गुडघ्यांवर घोंगडी. जगात नसलेल्या माणसाची वाट पाहत.

गुरुवारी त्याच्याने राहवले नाही. तो आत गेला.

"काका, तुम्ही बसू नका. मी खोटं बोललो. माझ्याबरोबर कुणी नव्हतं. एकट्याला तंबू मिळत नाही म्हणून नाव सांगितलं. ते नाव डिंकाच्या डब्यावरचं आहे."

भांडारीकाकांनी गुडघ्यांवरची घोंगडी बाजूला केली.

"कुणीच नव्हतं?"

"कुणीच नाही."

"मग मंगळवारी कोण येऊन गेलं?"

भावाने मागे वळून उघड्या दाराकडे पाहिले.

"दिवेलागणीला आले होते. दारातच उभे राहिले, आत काही आले नाहीत. कपडे ओले होते. तेच नाव सांगितलं. विचारत होते, माझा सोबती सुखरूप उतरला का. म्हणाले, पाण्याला गेलो, परत येतो तो तंबू नाही, माणूस नाही. दोन दिवस शिट्टी देत हिंडलो, उत्तर आलं नाही. मी सांगितलं, उतरलेत, ठीक आहेत, उगीच जिवाला घोर लावून घेऊ नका. फार बरं वाटलं त्यांना."

"चेहरा?"

"दिवा माझ्या डोळ्यांसमोर. नीटसा नाही दिसला. माणूस सज्जन वाटला. हातात तुमचा बिल्ला होता. डाव्या हातात."

"घेतला तुम्ही?"

"मी कसा घेणार? ज्याचा त्याला द्यायचा." भांडारीकाकांचा आवाज आता जरा खाली आला होता. "ते म्हणाले, त्याच्याच हातात देतो. म्हणून... म्हणून मी त्यांना तुमच्या घरचा पत्ता दिला."

रविवारी दुपारी मला त्याचा फोन आला. "दादा, येतोस का?" एवढेच. आजवर त्याने मला कधी बोलावले नव्हते.

मी गेलो. जिन्याच्या टोकाशी त्याची दोन खोल्यांची जागा. दार सताड उघडे. थंडी आत येत होती. तो दारासमोर खुर्ची टाकून बसला होता. गळ्यात बत्तीस नंबरचा बिल्ला. त्याने मला सगळे सांगितले, जसे मी येथे सांगितले तसेच. सांगून झाले तेव्हा बाहेर संधिप्रकाश होता आणि रस्त्यावर धुके उतरू लागले होते.

"दार लावून घे," मी म्हणालो. "सर्दी होईल."

"लावलं तर त्याला कळेल ना, की मी मुद्दाम..."

तो बोलता बोलता थांबला.

खाली, रस्त्याच्या पार टोकाला, धुक्यात...

शिट्टी वाजली.

एक. लांब.

मी ती ऐकली. माझे कान शाबूत आहेत, आणि त्या वेळी मी पूर्ण शुद्धीवर होतो.

माझ्या भावाने शिट्टी ओठांपर्यंत नेली. त्याने माझ्याकडे पाहिले. लहानपणी एखादी गोष्ट करू की नको, असे विचारताना जसा पाही, तसाच.

"दादा, देऊ का?"

पुन्हा एक. लांब. आता जरा जवळ.

मी म्हणालो, "नको."

त्याने शिट्टी खाली केली. मी उठून दार लावले, कडी घातली. तिसरी शिट्टी आली ती खूप दुरून. मग काही आले नाही.

याला आता दोन महिने झाले. एकतीस नंबरची खुंटी अजून रिकामी आहे. भांडारीकाका अजून रोज संध्याकाळी दार उघडे ठेवतात. मंडळाची रीत ती रीत. भाऊ कामावर जातो, पुस्तके शिवतो. मी आता दर रविवारी त्याच्याकडे जातो. उशिरा का होईना, जातो.

आम्ही चहा घेतो. इकडचे तिकडचे बोलतो. मी उठू लागलो की तो म्हणतो, "थांबतोस का जरा?"

मला थांबता येत नाही. माझ्या घरी माणसे वाट पाहत असतात.

त्या दिवशी मी नको म्हणालो, ते त्याच्या भल्यासाठीच. असे मी स्वतःला पुष्कळदा सांगितले आहे. तरी मनाला एक रुखरुख लागून आहे. ज्याला साऱ्या जगात कुणी हाक मारत नव्हते, त्याला कुणीतरी हाक मारत होते. त्या हाकेला उत्तर देऊ नको, असे सांगणारा मी कोण?

गेल्या रविवारी मी असाच निघालो. दार माझ्या मागे लागले नाही, ते मला जाणवले. अर्धा जिना उतरलो असेन...

वरून, त्याच्या खोलीतून, दोन आखूड शिट्ट्या आल्या.

मी कठड्याला धरून उभा राहिलो. कान देऊन ऐकले. रस्त्यावर धुके होते, पण अगदी शांत.

लांब शिट्टी मी ऐकली नव्हती.

मग जिन्याने, माझ्या अगदी शेजारून, कुणीतरी वर गेल्यासारखे वाटले. ओल्या कपड्यांचा वास आला. पावलांना घाई नव्हती.

आणि वरचे दार, आतून, हलकेच लागले.